इंजिनाचा खोकला

"लोकांना वर-खाली नेण्यात जन्म गेला, आता जरा आपणच वर जाऊन येतो," असं काका निवृत्तीच्या दिवशी म्हणाले, तेव्हा काकूंना वाटलं, गंमत करताहेत. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. पण आठवडाभरात मागच्या शेडमधली अडगळ बाहेर निघाली आणि आत ॲल्युमिनियमच्या नळ्या येऊन पडल्या. दोघांपुरतं छोटंसं विमान काकांनी घरीच बांधायला घेतलं. सांगाडा त्यांनी जोडला, पंखांचं कापड काकूंनी शिवलं. शेजारी 'पायलटकाका' म्हणून चिडवायचे, काकाही खुशाल ओ द्यायचे.

आणि विमान उडालं की! गावाबाहेरच्या गवताळ धावपट्टीवरून काका एकटेच उडाले, सुखरूप उतरले, आणि धावत आलेल्या काकूंकडे बघायचं सोडून इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवत बसले. यानंतर काकूंना न्यायचं होतं. त्याआधी अंदाज घ्यावा म्हणून शेजारच्या सीटवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधून ते वर गेले, आणि इंजिन खोकलं. जरा वेळाने पुन्हा खोकलं. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू लागलं. खाली उतरून, पोतं काढून तपासलं, तर शहाण्या बाळासारखं एका सुरात गुणगुणत होतं.

काकांचं जेवणातलं लक्षच उडालं. प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. वजन वाढलं की इंजिनावर ताण येतो, म्हणजे दोष कार्बुरेटरचाच, असं त्यांच्या मनाने घेतलं. तो बिचारा इतक्या वेळा उघडला गेला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. खोकला मात्र लहरी. पोतं बांधून कधी विमान बिनतक्रार फिरून यायचं, कधी जमीन सोडल्या सोडल्या कुरकुरायचं. उड्डाणाची परवानगी देणाऱ्या तपासनीस बाईंना काकांचं कौतुक होतं, पण दोष सापडेपर्यंत दुसरं माणूस बसवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. काकांनाही ते पटत होतं.

शेवटी एका संध्याकाळी काकांनी विमान मोडीत काढायची भाषा सुरू केली.

"काढा मोडीत," काकू म्हणाल्या. "पण बोटं सोलवटून मी ते पंख शिवलेत. मला एकदा आत बसू तर द्या. जमिनीवरच."

सकाळी काकांनी चाकांना ओंडके लावले, शेपटी दोराने खुंट्याला घट्ट बांधली. काकू पदर खोचून पोत्याच्या जागी बसल्या, पट्टा आवळला. इंजिन सीटच्या मागेच होतं. काकांनी वेग वाढवला आणि ते खोकलं. काकू दचकून पुढे झाल्या, तसा आवाज सरळ झाला. पुन्हा मागे टेकल्या, पुन्हा खोकला.

काकांनी इंजिन बंद केलं. काकू ओशाळल्या. आपल्या हातून काही तुटलं-बिटलं, असंच त्यांना वाटलं.

"माझं काही चुकलं का हो?"

"अगं, तू देवासारखी धावून आलीस," काका म्हणाले. "उतर, सीट काढू दे."

इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सीटखालून मागे जात होती. काकांनीच बसवलेला एक बोल्ट जरा लांब होता. त्याने वायरचं आवरण खरवडलं होतं. सीटवर वजन नेमकं मागच्या कडेला पडलं की उघडी तार थरथरत सांगाड्याला टेकायची, आणि बटण न दाबताच ते दाबल्यासारखी इंजिनाची ठिणगी क्षणभर विझायची. पोतं कधी तिथे रेलायचं, कधी नाही.

"म्हणजे माझं वजन पोत्याएवढं," काकू म्हणाल्या.

"छे, पोत्याला कुठे टेकायचं ते कळत नाही," काका म्हणाले, आणि दोघंही हसत सुटले.

वायर बाजूने नेली, बोल्ट आखूड केला. पोत्याला बरेच दिवस फिरवून आणल्यावर तपासनीस बाईंनी परवानगी दिली. काकू चढल्या, त्या काकांची बाही मुठीत धरूनच. वर गेल्यावर डोळे मिटलेलेच. नदीच्या वळणावर काकांनी हाक मारली, तेव्हा त्यांनी हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा. मग बाही आणखी घट्ट आवळून खाली वाकल्या. काकांना वाटलं, घाबरली.

"अहो, ती आपलीच गच्ची ना?" काकूंनी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. "माझी चादर वाऱ्याने पार शेजाऱ्यांकडे गेलीय. पण उतरायची घाई नका करू. अजून एक चक्कर मारा."