रंगवलेल्या तोंडांना मंच नाही

हे वाक्य माझं आहे. आधीच सांगून टाकते, नंतर कुणाचं म्हणून शोधत बसायला नको.

शिरूरच्या आमच्या वस्तीत जयंतीच्या कमिटीने एका वर्षी ऑर्केस्ट्रा ठरवला, नाचणाऱ्या बायांचा. मी कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायची मला खाज होती. गठ्ठाभर पत्रकं छापून दारोदार वाटली. खाली जाड ठशात हे वाक्य, पुढे उद्गारचिन्ह. ऑर्केस्ट्रा रद्द झाला. कमिटीच्या अध्यक्षांना सगळी वस्ती आबा म्हणते. त्यांनी भर सभेत माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या बायांचं त्या दिवसाचं काम गेलं, हे मला सुचलंसुद्धा नाही. मी वाक्यावर खूश होते.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात होता आणि वस्तीच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचा. कारखान्यात यंत्रं बसवायला जपानहून एक इंजिनिअर आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो कानाला वॉकमन लावून बोटांनी टेबल बडवायचा. दादाने एकदा खुणेनेच विचारलं, मला द्या की ऐकायला. साहेबाने कॅसेटच भरून दिली.

कॅसेट जपानची, एवढंच आबांच्या कानावर गेलं.

"जपान म्हंजी बुद्धाचा देश. पौर्णिमेला विहारात लावू."

"आबा, गाणी हायेत ती."

"मग वंदना काय भांडण असतंय व्हय?"

लावली. कर्ण्यावर. सगळी वस्ती हात जोडून, डोळे मिटून बसली. आधी पियानो, मग एका पुरुषाचा रडवेला गोड आवाज. बायका माना डोलवायला लागल्या. आणि मग ड्रम सुटले. गिटार असं किंचाळलं की बाहेरची कुत्री पळाली. एकाने डोळे उघडले असतील तर शपथ! माझ्या मागची मावशी शेजारणीला हळूच म्हणाली, "तिकडं लई जोरात म्हणत्यात, न्हाई?" गाणं संपलं आणि वंदनेनंतर म्हणतात तसं सगळ्यांनी एका सुरात तीनदा साधू म्हटलं. मी ओढणी तोंडात कोंबली होती.

पुढे साहेब सुट्टीवरून परत आला तेव्हा त्या बँडचे फोटो घेऊन आला. बँडचं नाव आम्हाला धड उच्चारता यायचं नाही, म्हणून आम्ही त्यांना नुसतं 'चौघं' म्हणायचो. पहिल्या फोटोत चौघांचे केस वीतभर उभे, तोंडं पांढरीफटक, ओठ काळे, ड्रमवाल्याच्या अंगात झालरीचा झगा. तेव्हा ते कुठल्याशा तळघरात वाजवायचे, ऐकायला जेमतेम खोलीभर माणसं. दुसऱ्या फोटोत मोठी कॅसेट कंपनी मागे उभी राहिली होती, मैदानं भरत होती आणि रंग निम्म्यावर आला होता. तिसऱ्यात चौघेही पांढऱ्या शर्टात, चेहरे धुतलेले, बँकेत कारकुनीला निघाल्यासारखे. त्यानंतरचा फोटो नव्हता. साहेबाने हिंदी-इंग्रजी कालवून दादाला सांगितलं की कंपनी म्हणाली तोंड धुवा, सगळ्या घरांत टीव्हीवर दिसायचंय. धुतलं. मग दोन वर्षांत चौघं चार दिशांना. सांगताना साहेबाने चार बोटं पसरली आणि पुन्हा मिटलीच नाहीत, असं दादा म्हणाला.

दादाला दुसऱ्या-तिसऱ्या फोटोशी देणंघेणं नव्हतं. पहिला त्याने घराच्या पत्र्याला चिकटवला. दौंडात एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून त्याने जुनं गिटार मिळवलं. दर सुट्टीला तो आणि गायन पार्टीतले तिघे एसटीने दौंडला जायचे आणि त्या म्हाताऱ्याच्या पडवीत वाजवायचे. जयंतीचीच गाणी, आमचीच, पण चाल त्या चौघांसारखी फाडून काढणारी. आणि एका रविवारी दादाने आणि तिघांनी तोंडं रंगवून पाहिली; दादा तसाच घरी आला. गालांना सफेदा, डोळ्यांत आईचं काजळ, ओठांना कपड्याची नीळ.

आई म्हणाली, "माझ्याच पोटचा हाय का हा?"

मी हसायला लागले आणि मध्येच थांबले. दादा सुंदर दिसत होता. ओव्हरटाईम करून आंबलेलं रोजचं तोंड नव्हतं ते.

"जयंतीला असाच उभा ऱ्हाणार," तो म्हणाला. "निळे ओठ घिऊन. बघू दे गावाला."

कमिटीची बैठक विहारात झाली. आबांनी पत्र्यावरचा तो पहिला फोटो हातात घेतला.

"ही बाई कोण?"

"बाई न्हाई आबा, ड्रम वाजिवतो तो."

"म्हंजी नाच्या."

सगळे हसले. दादा नाही. आबा मात्र हसण्यावारी नेणारे नव्हते. म्हणाले, "माझा बाप गावाम्होरं तोंड रंगवून नाचायचा. पाटलाच्या दारात, शिळ्या भाकरीवर. ते सोडलं तवा आपुन माणसात आलो. आन् तू परत रंगिवतो?"

याला उत्तर होतं. गावाने रंगवलेलं तोंड वेगळं आणि आपल्या हाताने रंगवलेलं वेगळं, आबा! उभी राहून हे म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. रंगवलेल्या तोंडांना मंच नाही.

"तुझ्याच भनीनं लिव्हलंय. वर्षभर खिशात हाय माझ्या. लई खरं लिव्हलंय पोरीनं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सभा गाजवणारी मी, तहसीलदाराला भर कचेरीत सुनावून आलेली मी, आणि उघडलेलं तोंड मी मिटलं! कारण ते वाक्य खोडायचं तर त्या ऑर्केस्ट्रातल्या बायांपासून सुरुवात करायला लागली असती, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. दादा मला म्हणाला, "ए बये, बोल की." मी बसले. त्याचे तिघे सोबती म्हणाले, धुतो आम्ही, त्यात काय.

जयंतीच्या संध्याकाळी चौघं पांढऱ्या शर्टात मंचावर चढले. दादा घरून रंग लावूनच आला होता. आबांनी विहाराच्या नळावर स्वतः उभं राहून त्याला तो धुवायला लावला. वाजवलं छान. टाळ्या पडल्या. नारळ, शाल, सगळं झालं. मी मंचाच्या बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. धुताना ओघळलेली नीळ दादाच्या कानामागे राहिली होती, बोटभर.

शाल पांघरताना आबांनाही दिसली. "आरं, ऱ्हायलं की हितं," म्हणत त्यांनी शालीचं टोक थुंकीने ओलं केलं आणि मायेने, अगदी मायेने, पुसून काढलं. दादा मान तिरकी करून उभा राहिला. लहानपणी आई शेंबूड पुसायची तेव्हा राहायचा तसा.

मी खालून ओरडले, "राहू द्या ना आबा तेवढं!" पण माईकवर पुढच्या गाण्याची घोषणा चालू होती.

पुढच्याच रविवारी गिटार दौंडला परत गेलं. मी दादाशी भांडले. त्याने बेंजोसुद्धा हातात घेतला नाही. त्या रात्री मी हाताने एक पत्रक लिहिलं. ते वाक्य माझं होतं आणि ते चुकीचं होतं, नाचणाऱ्या बायांबाबतही आणि माझ्या भावाबाबतही, आणि मी सभेत भ्यायले. खाली माझी सही. पहाटे ते कारखान्याच्या बसथांब्याच्या खांबाला खळीने चिकटवलं.

दादा पहिल्या पाळीला निघाला होता. डबा काखेत धरून त्याने सगळं वाचलं, सावकाश.

"चूक न्हाई एकबी," तो म्हणाला. "पर हे बैठकीत बोलायचं होतं, बये."

बस आली. तो चढला.