आरोळीपासून दीड वाजेपर्यंत

तुमच्याकडं लाइट किती वाजता येते? शहरात राहत असाल तर हसाल. म्हणाल, येते म्हणजे काय, असतेच. तर मग पुढचं नीट वाचा. आमच्या तीर्थपुरीच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीची लाइट पाळीनं येते, मधूनच एखाद्या सोमवारी पाळी बदलते, आणि रानातली माणसं घड्याळ बघत नाहीत, लाइट बघतात. भाकरी खायची ती लाइट यायच्या आत, बाजारला जायचं ते लाइट गेल्यावर. रायभानमामाच्या अंगावरून वारं गेलं तेही लाइट आली तेव्हाच.

रायभानमामा म्हणजे आमच्या शिवाराचा भोंगा. त्याचे बापजादे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. मामानं तीन एकर आणि एक विहीर धरली, थोडीच मेंढरं ठेवली, पण गळा मेंढक्याचाच राहिला. विहिरीवरचा बल्ब पेटला की आधी मोटार चालू करायची, मग तोंडाला हात लावून आरोळी ठोकायची, "आलीऽऽ". त्या आरोळीवर शेजारच्या चार शेतांतल्या मोटारी सुरू व्हायच्या. लाइट आली की आपोआप मोटार चालू करणारा ऑटो स्विच कुणी बसवला नाही. बांधशेजारी रखमाजी म्हणायचा, "खर्चा कशाला करू? रायभान फुकट हाय."

मी दिसलो की मामा रस्त्याच्या पलीकडून सुरू व्हायचा. "जय भीम पुढारी, आज कुणाच्या खुर्चीखाली सुरुंग लावून राह्यलास?"

"मामा, मोर्चाला भोंगा मिळत न्हाई. तुम्हीच चला."

"माझी मेंढरं तुझ्या माणसांपेक्षा जास्त ऐकत्यात. त्यांना टाकून कुठं येऊ?"

असा माणूस. मंगळवारी त्यानं आरोळी ठोकली आणि गव्हाला पाणी लावलं. साखराबाईमामी खालच्या तुकड्यात कापूस वेचत होती. थोड्या वेळानं बघते तर पाणी फुटून वाटेवर आलेलं, दारं मोडून ते पुढच्या वाफ्यात वळवायला कुणी नाही. पळत विहिरीवर गेली. मामा पाइपाशेजारी पडलेला, तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात दुसऱ्याचा असल्यासारखा. रखमाजीनं जीप बोलावली, जालन्याला नेलं. त्यांचा मुलगा शिवशंकर अंकुशनगरला उसाच्या ट्रॅक्टरवर होता, तो मोटरसायकलवर थेट दवाखान्यात पोचला.

आठवड्यानं गावात बोभाटा माझ्या कानावर आला: डॉक्टरनं इंजेक्शन असून दिलं नाही. माझं डोकं फिरलं. गरिबाचा जीव म्हणजे यांना काय वाटतं? चार पोरं गोळा केली आणि मामाच्या घरी गेलो. म्हटलं, आधी सगळं बराबर ऐकून घेऊ, मग त्या डॉक्टरीणबाईला भर चौकात उभं करू.

शिवशंकर तयारच होता. "त्या मॅडमनं इचारलं, शेवटचं चांगलं बोलताना कवा पाह्यलं. आई म्हणली, लाइट आली तवा आरोळी दिली. मी सांगितलं, आठला येती लाइट. तर म्हणती, आता दीड वाजला, साडेपाच तास झाले. साडेचार तासांच्या आत रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन चालतं, त्याच्या पुढं मेंदूत रक्त सुटायचं भ्याव. एका तासासाठी माणूस सोडून दिला, भाऊ."

मी मामीकडं वळलो. "मामी, आरोळी आली तवा तुम्ही काय करून राह्यल्या होत्या?"

"दुसरं गाठुडं बांधत होते."

"आठ वाजता दोन गाठुडी? रानात गेल्त्या कवा?"

"दव वाळल्यावर. दवाचा कापूस कोण वेचतं, पुढारी?"

दारात बसलेला रखमाजी तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. "अरे, लाइट त्या सोमवारपासून अकराला हाय की."

शिवशंकर हळू म्हणाला, "मी पंधरा दिवस उसावर होतो. मी गेलो तवा आठलाच येत होती." मामी म्हणाली, "मला काय कळतंय बाबा. तू मोबाईलवाला. मला वाटलं तू म्हणतो ते बराबर असंल."

"अकरा ते दीड," शिवशंकर म्हणाला, "अडीच." त्याला कुणी विचारलं नव्हतं. उठून तो गोठ्याकडं गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी आयुष्यभर भांडायला माणूस शोधत आलोय आणि प्रत्येक वेळी सापडलाय. त्या दिवशी सापडेना. पोरांना घरी पाठवलं. तरी माझा राग मुकाट बसणारा नाही, म्हणून एकटाच जालन्याला गेलो आणि डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. म्हटलं, ज्या बाईनं आरोळी ऐकली तिलाच परत एकदा विचारायला काय झालं होतं तुम्हाला? तिनं वाद घातला नाही. पेनाचं टोपण काढलं, लावलं. म्हणाली, "दिलं असतं तरी ते बोलले असते, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बाकी सगळ्या तपासण्या ठीक होत्या. दिलं असतं." त्यापेक्षा तिनं मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

आता मामा विहिरीजवळ बाजेवर असतो. बल्ब पेटला की डावा हात तोंडाकडं नेतो, तोंड उघडतो. "आ" निघतो, पुढचं निघत नाही. मामी बांधावर उभी राहून ओरडते, "आली बरं का", पण तिचा आवाज दुसऱ्या शेतापर्यंतसुद्धा जात नाही. गेल्या बाजारच्या दिवशी रखमाजीनं ऑटो स्विच आणला. मामाच्या समोरूनच घेऊन गेला, दुसरी वाट नव्हती. मेंढरं विकली. शिवशंकर उसावर परत गेला नाही, बापाशेजारी बसतो आणि बापाकडं बघत नाही.

हे लिहू का म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, "माझ्या नावासकट लिहा."

म्हणून लिहिलं. तुमच्याकडं एकच मागतो. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर रडायच्या आधी घड्याळ बघा. किती वाजले ते मोठ्यानं बोला, चार जणांना ऐकू द्या. आणि दवाखान्यात विचारतील तेव्हा, ज्यानं पाहिलं-ऐकलं त्यालाच बोलू द्या. तुम्ही मधे बोलू नका.