वाकडी रेघ

“लाल दिसलं का हिरवं समजाचं, बाप्पा!” काका हे इतक्या वेळा म्हणत, की आमच्या चहावाल्यालाही ते पाठ झालं होतं.

वाशीमच्या आमच्या ऑफिसात काकांच्या हाताखाली उपग्रहचित्रं वाचून विहिरींच्या जागा सुचवायचं काम चाले. त्या चित्रांत जिवंत पालवी लाल उमटते. नवा माणूस हमखास म्हणे, “पळस फुलला वाटते!” काका हात जोडत.

चित्र ते नेहमी उलटं धरत. आलेला पाहुणा हसू दाबायचा. पण सावल्या आपल्याकडे पडल्या नाहीत तर टेकडीसुद्धा खड्डा दिसते, हे पाहुण्याला कोण सांगणार?

आसेगावकडच्या एका वस्तीत दोन विहिरी कोरड्या निघाल्या होत्या. तिसरी मंजूर झाली, ती शेवटची. “हेबी कोरडी गेली तं वस्ती उठन, साहेब,” तिथली एक म्हातारी काकांना म्हणाली होती. तिचा जन्म दूरच्या नाल्यावरून पाणी वाहण्यात गेला होता.

भर मे महिन्यातल्या चित्रात तिथल्या माळावर एक बारीक लाल रेघ होती. मी पडलो शेतकऱ्याचा मुलगा. शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो, आणि धुऱ्यावर बाभळी असणारच. मी रुबाबात ‘धुरा’ लिहून रेघ खोडली.

काकांनी चित्र उलटं केलं. “धुरा मानूस घालते, तो सरळ जाते. हे वाकडं काहून चाललं?”

त्यांच्या मते तो बुजलेला जुना नाला होता, वर माती आणि खाली ओल. मी तावातावानं भांडलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला माळावर नेलं. बाभळी होत्या, वळणावळणानं गेलेल्या. धुरा मात्र कुठेच नव्हता. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असावं.

विहीर तिथेच खणली. पाणी लागलं, आणि असं लागलं की खणणारे ओरडत वर आले! मी सपशेल हरलो होतो, पण एवढा आनंद मला कधी जिंकूनही झाला नव्हता.

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. आठवतात ते पाणी लागलं त्या दुपारचे. त्या म्हातारीनं पहिली बादली ओढली आणि सगळीच्या सगळी त्यांच्या पायांवर ओतली.

“अवो माय, पानी कायले वाया घालवता?” काका कळवळले.

“सांडू द्या,” ती म्हणाली. “आता हाय न!”