गोदूताईंच्या ओटीवरचा पाचवा गडी

गोदूताईंनी अर्धी सुपारीची वाडी पत्त्यांत घालवली, ही बातमी गेल्या दिवाळीत मुरुडच्या एसटी स्टँडवर मी दोघांच्या तोंडून ऐकली. एकाने तर वाडी घेणाऱ्याचं नावही सांगितलं. बातमी साफ खोटी आहे. ताई त्या मंगळवारी बेचाळीस सुपाऱ्या हरल्या होत्या, म्हणजे बेचाळीस रुपये, आणि ते मी जिंकले होते. घरी येऊन मी बायकोला एवढंच म्हटलं की गोदूताईंची वाडी आज थोडी आपल्याकडे आली. पुढचं काम गावाने केलं.

गोदूताई आमच्या कुंपणापलीकडे राहतात. वय एकाहत्तर, हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलेलं. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा सुयश परदेशी फिरणाऱ्या प्रवासी जहाजावर असतो. तिथल्या पत्त्यांच्या दालनात पत्ते वाटायची त्याची नोकरी. ताई कुणाला हे सांगत नसत. ‘जहाजावर असतो’ एवढं सांगून थांबत, आणि ऐकणारा त्याला कप्तान समजून घरी जाई.

लॉकडाउनमध्ये सुयश आठ महिने घरी अडकला. आईला त्याने पोकर शिकवलं. दोन पत्ते आपल्या हातात, पाच पत्ते टेबलावर सगळ्यांचे, आणि त्यांच्या जोरावर बोली लावायची. खेळ ताई आठवड्यात शिकल्या. पण त्यांना खरा रस निघाला तो जहाजावर नवखे लोक काय काय चुका करतात, या गोष्टींत. त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि चुका लिहून घेतल्या. सुयश परत गेला, वही राहिली. तिच्यातल्या चुकांचे नियम झाले आणि त्यांवर पुढे आमचा दर मंगळवारचा डाव सुरू झाला.

शाळेने मोडीत काढलेलं एक लांबट टेबल ताईंच्या ओटीवर आहे. तीनला बसायचं, साडेपाचला उठायचं. प्रत्येकाने शंभर रुपये डब्यात टाकायचे आणि ताईंच्या वाडीतल्या सोललेल्या शंभर सुपाऱ्या मोजून घ्यायच्या. उठताना सुपाऱ्या परत, त्यांचे रुपये हातात. सुयशने प्लास्टिकच्या रंगीत चकत्या आणल्या होत्या, त्या ताईंनी बालवाडीला देऊन टाकल्या. आता बाजारात रुपयाला काही सुपारी मिळत नाही, त्यामुळे जिंकलेल्याला रुपयांपेक्षा सुपाऱ्याच घरी न्याव्याशा वाटतात. म्हणून ताईंचा सगळ्यात कडक नियम हा की डाव चालू असताना टेबलावरची सुपारी टेबलावरून हलणार नाही.

बाकीचे नियम ऐकून घ्या, म्हणजे बाई कळेल. आपली पाळी आल्याशिवाय ना बोलायचं, ना पत्ते टाकून डाव सोडायचा. सुपाऱ्या ढिगात भिरकावायच्या नाहीत, आपल्या पुढ्यात मोजून सरकवायच्या. तोंडातून ‘वीस’ गेलं की वीस. आपण पत्ते टाकले असतील तर काय टाकलं हे डाव संपेपर्यंत पोटात ठेवायचं. शेजाऱ्याला सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठीच केला आहे असं नेत्राचं मत आहे.

नेत्रा म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर सहा खोल्यांचं लॉज चालवणारी. ती, मी, निवृत्त एसटी कंडक्टर रामचंद्र, स्वतः ताई आणि त्यांचे दीर मार्तंडभाऊ असे पाच जण आम्ही चार वर्षं बसलो. मग भाऊंचे गुडघे गेले आणि त्यांची लेक गौरी त्यांना पुण्याला घेऊन गेली. उरलो चार. आणि पाच असल्याशिवाय पत्ते वाटायचे नाहीत हाही ताईंचाच नियम. चौघांत खेळ पातळ होतो म्हणे.

पहिल्या मंगळवारी आम्ही चौघांनी चहा घेतला आणि उठलो. दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी रामचंद्र आलाच नाही. मंगळवारी सकाळपासून ओटी झाडून, टेबल पुसून, पत्त्यांचा जोड उन्हात ठेवणारी ही बाई त्या दिवशी साडेतीनला दार लावून आत गेली, ते मी कुंपणावरून पाहिलं. आठवड्यात त्यांच्याकडे दुसरं कोण येतं? मोटारपंपवाला. अजून दोन मंगळवार असे गेले असते तर टेबल पापड वाळवायला लागलं असतं.

पाचवा गडी शोधायला आम्ही कमी पडलो नाही. मी बँकेतला केतन आणला. पोरगा हुशार, पाऊण तासात ऐंशी सुपाऱ्या जिंकला आणि आगरदांड्याची फेरीबोट गाठायचीय म्हणून उठला. ताई म्हणाल्या, जायचं होतं तर बसतानाच सांगायचं, लोकांचं घेऊन ताटावरून उठल्यासारखं उठू नये. केतन पुन्हा दिसला नाही. मग नेत्राने हार्डवेअरवाला अल्पेश आणला. त्याने मध्येच चार सुपाऱ्या खिशात टाकल्या. नफा बाजूला काढायची त्याच्या धंद्याची सवय. ताईंनी त्या टेबलावर ठेवायला लावल्या, आणि पुन्हा खिशाकडे हात जाऊ नये म्हणून दोन्ही हात टेबलावर ठेवून बसायला सांगितलं. अल्पेश दुकानात आजही नेत्राला खिळे महाग देतो.

मग रामचंद्राने गुणाजीला आणलं. गुणाजी कोळीवाड्यातला, होडी विकून घरी बसलेला. श्रावणात बायको गेल्यापासून हा माणूस धक्क्यावर एकाच खांबाशी बसायचा आणि दिवे लागले की उठून जायचा. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत रमी खेळून हात तयार होता, एवढंच त्याचं भांडवल. नेत्रा आधीच ताईंना म्हणाली की या वेळी वही आतच राहू दे. गुणाजी आला तेव्हा वही टेबलावरच होती.

गुणाजी चांगला बसला. पाळी आली की बोलायचा, सुपाऱ्या मोजून सरकवायचा, हरला तरी चेहरा तोच. ताईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, बघ आणि शीक अशा नजरेने. पाचला दहा कमी असताना तो आणि रामचंद्र असे दोघंच डावात उरले. रामचंद्राने नियमाप्रमाणे विचारलं, पुढ्यात किती आहेत. गुणाजीने मोजून सांगितलं, वीस. रामचंद्राने वीस लावल्या.

गुणाजी विचारात पडला. डोळे उघड्या पत्त्यांवर, आणि हात आपला खिशात. खिशातून अडकित्ता निघाला, पुढ्यातली एक सुपारी त्यात गेली, कट्ट आवाज झाला आणि खांड तोंडात. मग तो म्हणाला, “बरोबरी.” आणि एकोणीस सुपाऱ्या पुढे सरकवल्या.

रामचंद्र सुपाऱ्यांकडे बघत होता, नेत्रा छताकडे. आता मी गप्प बसायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण मी विचारलं की विसावी कुठल्या खिशात गेली म्हणायची, आणि वहीत तोंडाबद्दल काही लिहिलंय का.

गुणाजीने हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. मानेपर्यंत लाल झाला. खुर्ची मागे सरकवून उभा राहिला.

“चुकलं बाई. ती होती तवा कातरून हातावर ठेवायची, माझं ध्यान पन नसायचं. आता हात आपला आपनच करतो. माझं हितं काम न्हाय.”

पायरीकडे त्याचं एक पाऊल पडलंही होतं. तो गेला असता तर पुन्हा त्याच खांबाशी जाऊन बसला असता, आणि आमचा मंगळवार तिथेच संपला असता. रामचंद्र हळूच म्हणाला की मी पत्ते टाकतो, डाव त्यालाच जाऊ द्या. ताईंनी त्याला डोळ्यांनीच दाबलं. दया म्हणून पत्ते टाकायचे नाहीत हेही वहीत आहे.

मग त्या गुणाजीला म्हणाल्या, “सुपारी गिळलीत का?”

“न्हाय. तोंडातच हाय.”

“मग बसा. तोंड टेबलापाशी आहे तोवर सुपारी टेबलावरच आहे. आत्ता उठून गेलात तर मात्र टेबलावरची सुपारी पळवल्यासारखं होईल, आणि ते मी चालवून घेणार नाही.”

गुणाजी बसला. बसणारच. तीस वर्षं ज्या आवाजाला सगळा वर्ग बसत आला, तो आवाज होता. पत्ते उघडले. रामचंद्राची राण्यांची जोडी, गुणाजीची नव्व्यांची. गुणाजी वीसच्या वीस हरला. हरलेली विसावी आता द्यायची कशी, असं त्याने गालात खांड धरून विचारलं तेव्हा नेत्राला हसता हसता ठसका लागला. ताईंनी आतून एक सुपारी आणून रामचंद्राच्या ढिगात ठेवली. गुणाजीने खिशातून शंभराची नोट काढून डब्यात टाकली आणि नव्या शंभर मोजायला घेतल्या. मोजून झाल्यावर त्याने अडकित्ता नेत्राकडे सांभाळायला दिला.

पुढच्या मंगळवारी तो पावणेतीनलाच पायरीवर हजर होता. ताई अजून केस विंचरत होत्या.

मी मात्र आठवडाभर कळ काढून बसलो होतो. पाचही जण बसल्यावर मी म्हटलं की ताई, अल्पेशचं फार चुकलं. बिचाऱ्याने चार सुपाऱ्या खिशात टाकल्या, तोंडात टाकायला हव्या होत्या. आणि आता वहीचा काही भरवसा नाही, माणूस बघून नियम बदलतो, हे मी गावात सांगणार आहे.

ताईंनी पत्त्यांचा जोड माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “सांग. आणि हेही सांग की पहिल्या दिवशी तू वाकून माझे पत्ते बघितले होतेस, आणि मी तुला काही न बोलता माझी खुर्ची जरा सरकवून घेतली होती. पीस आता.”