आबांच्या गाण्यातली चंपाबाई

कल्पना करा, कानाला हेडफोन लावून तुम्ही बसला आहात. समोर पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ सरकते आहे. गाणारा माणूस जिथे श्वास घेतो तिथे एक खूण करायची, ओळ संपते तिथे दुसरी. तीन मिनिटांच्या गाण्याला अख्खा तास जातो. आता अशी कल्पना करा की गाणारा माणूस तुमचा बाप आहे आणि त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आहेत.

संघमित्रा तांबे यांनी हे काम चौदा महिने केलं. परळमधल्या आमच्या कॉलेजला संगीत आणि संगणक अशा जोडविषयातल्या संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळालं होतं. गिरणगावातल्या गायन पार्ट्यांच्या जुन्या कॅसेटी जमवायच्या, संगणकाला ती गायकी शिकवायची आणि मग त्याच्याकडून नवी गाणी गाऊन घ्यायची. प्रोग्रॅम लिहिण्याचं काम माझं. संघमित्राताई बावन्न वर्षांच्या, डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या, आधी एका दवाखान्यात टायपिंग करायच्या. त्यांचे वडील राजाराम, म्हणजे आबा, गिरणीत होते आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी घेऊन फिरायचे. त्यांच्या एक्केचाळीस कॅसेटी आल्या, त्यांच्यामागून ताईही आल्या.

राजारामांची एक सवय होती. गाणं चालू असताना मंडपात कुणी आलं की ते ठेका न सोडता त्याला बोलवायचे. 'या रामजीबुवा, पुढं बसा.' 'या रमाबाई, पुढं या.' आणि लगेच पुढची ओळ. ही बोलावणी गाण्याबाहेरची म्हणून वेगळी काढायची, असा आमचा नियम होता. ताईंनी ती सगळी गाण्याच्या ओळी म्हणून नोंदवली. मुद्दाम नाही. लहानपणापासून त्यांना ती गाणी तशीच पाठ होती.

"शाळेत म्हणतानाही मी मधेच रामजीबुवांना पुढं बसवायचे," त्या मला म्हणाल्या. "मास्तर विचारायचे, कोण गं हा रामजी?"

चूक माझ्या लक्षात आली तोवर संगणक शिकून झाला होता. त्याचं पहिलं गाणं ऐकायला ताई, मी आणि प्रकल्पप्रमुख उन्मेष सर दुपारी लॅबमध्ये बसलो. आवाज हुबेहूब राजारामांचा. जुन्या टेपची खरखरसुद्धा त्याने उचलली होती. दुसरं कडवं संपलं आणि आवाज म्हणाला, "या चंपाबाई, आत बसा."

सर हसले. ताई हसल्या नाहीत.

मी सगळ्या नोंदी शोधल्या. चंपाबाई कुठेच नव्हती. फक्त एका कॅसेटला बुरशी लागली होती आणि तिच्यातलं बरंचसं कुणालाच कळलं नव्हतं, तरी तीही यंत्राला ऐकवली होती. मी ताईंना समजावलं, 'या'नंतर नाव येतं आणि नावामागे 'बाई' लागतं, एवढं यंत्र शिकलं. नाव त्याने आवाजाचे तुकडे जोडून केलं असणार. त्यांना ते पटलं. तरी थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण आबा सगळ्यांना पुढं बसवायचे गं. आत कुणालाच नाही."

रविवारी त्यांनी ते गाणं आईला मोबाईलवर ऐकवलं. कमळाबाईंनी ऐंशी ओलांडलेली. मांडीवर हाताने ठेका धरून त्या ऐकत होत्या. चंपाबाईचं नाव आलं आणि हात थांबला. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "ह्ये लोकांना ऐकवणार हायेस?"

ऐकवणं भाग होतं. अनुदान जनतेच्या पैशाचं, म्हणून त्यातून जे तयार होईल ते सर्वांसाठी खुलं करायचं अशी अट होती. त्यासाठी वारस म्हणून ताईंची सही लागणार होती. मी ती ओळ कापून टाकली. पुढच्या गाण्यात ती परत आली. त्याच्या पुढच्यात चंपाबाई पहिल्याच कडव्याला आली. यंत्राला पुन्हा शिकवायला काही महिने लागले असते आणि तपासणी समिती गुरुवारी येणार होती.

उन्मेष सरांनी स्पष्ट सांगितलं, यंत्राची गाणी दाखवली नाहीत तर पुढच्या टप्प्याचं अनुदान मिळणं कठीण आहे, आणि मग ताईंची नोकरीही राहणार नाही. ताईंनी संमतीचा फॉर्म पुढे ओढला. राजारामांनी स्वतः गायलेल्या गाण्यांसमोर 'संमती' लिहिलं. यंत्राच्या गाण्यांसमोर 'नाही'.

"अहो ताई, तुमच्या वडिलांचाच आवाज आहे ना तो?"

"आवाज त्यांचाच आहे, सर," त्या म्हणाल्या. "बोलावणं कुणाचं, ते मला माहीत नाही."

अनुदान थांबलं. ताई आता दादरला एका क्लिनिकमध्ये टायपिंग करतात. कमळाबाईंना त्यांनी अजून काही विचारलेलं नाही, आणि कमळाबाईंनीही आपणहून काही सांगितलेलं नाही. मध्ये एकदा आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"यंत्राला तू शिकवलंस ना? मग मला खरं सांग. चंपाबाई त्याने बनवली, की जी मला ऐकू आली नाही ती त्याला ऐकू आली?"