वॉल्टरच्या विषयाचं शेवटचं सेमिस्टर

किस्से साठतात ते सांगायला माणूस नसलं की. एरवी युनीच्या, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीच्या, स्टाफरूममध्ये चहाबरोबर ते जागच्या जागी संपायचे. लॉकडाउनमध्ये स्टाफरूमला कुलूप लागलं आणि माझ्याकडे ढीग झाला. हसू येईल असे त्यातले थोडेच आहेत, आधीच सांगून ठेवते!

सिडनीत आम्ही तिघं मिळून, पुढे शिक्षक होणाऱ्या मुलांना एक विषय शिकवायचो: अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचा इतिहास आणि तत्त्वज्ञान. वॉल्टर मुख्य. मूळचा ओहायोचा, तीस वर्षं हाच विषय शिकवणारा. मी, पश्चिम सिडनीतल्या क्वेकर्स हिलची मेधा, त्याच्या हाताखाली. आणि तिथेच जवळच्या ब्लॅकटाउनची वर्षा, मूळची ठाण्याची, सेमिस्टरपुरत्या कॉन्ट्रॅक्टवर. लॉकडाउनमधल्या त्या सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात ईमेल आला, की विषय ठेवायचा की बंद करायचा याचा रिव्ह्यू होणार आहे. विषय गेला तर वॉल्टरही जाणार, असं त्यात लिहिलं नव्हतं. पण ते आम्हाला न लिहिताही कळलं.

*

"सिडनीत बसून अमेरिकेतल्या शाळा कशाला शिकायच्या?" हा प्रश्न दर वर्षी यायचाच. वॉल्टरचं उत्तर ठरलेलं, "आपल्या घरातला पसारा आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याचा लगेच दिसतो. म्हणून आधी शेजारी जाऊन बघायचं."

त्या वर्षी झूमवर एकीने विचारलं, "पण सध्या शेजारी जायला बंदी आहे ना?"

वॉल्टर खुर्चीवरून पडेल इतका हसला. त्या सेमिस्टरमध्ये मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

*

वर्षाच्या ट्युटोरियलला विषय होता जुनी खेड्यातली शाळा. एक खोली, एक शेगडी, एक बाई आणि सगळ्या इयत्ता एकत्र.

इकडे वर्षाच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, धाकटी ऑनलाइन वर्गात मोठ्याने गाणं म्हणतेय, आणि भारतातून भेटीला येऊन देशाच्या सीमा बंद झाल्यामुळे अडकलेल्या सासूबाई मालिका बघतायत. तेवढ्यात थोरला ओरडला, "आई, कॅन यू म्यूट युअर स्टुडंट्स?"

वर्षाने लॅपटॉप उचलून सगळं घर वर्गाला दाखवलं. "एका खोलीची शाळा, ती ही अशी. काही प्रश्न?"

सासूबाईंनी कॅमेऱ्याला नमस्कार केला. वर्ग खूश! क्लास संपल्यावर मात्र वर्षाचा मला फोन आला आणि ती बराच वेळ नुसती रडली. "मेधा, विषय बंद झाला तर वॉल्टरचं काय होईल गं? त्याला दुसरं काही नाहीये."

स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल ती बोललीच नाही.

*

वॉल्टरचं आवडतं लेक्चर म्हणजे 'सगळ्यांची शाळा'. श्रीमंताचं आणि मजुराचं मूल एकाच बाकावर बसलं तर उद्या देश एकत्र राहील, या कल्पनेवर त्या शाळा कशा उभ्या राहिल्या, ते तो सांगायचा. आणि त्या बाकावर कोणाकोणाला बसूच दिलं नाही, तेही सोडायचा नाही.

लेक्चर रंगात आलं असताना लैला नावाची विद्यार्थिनी म्हणाली, "सॉरी, मला ऐकू येत नाहीये. वर हेलिकॉप्टर आलंय."

ती आमच्याच भागातली. कामगारांच्या आणि बाहेरून आलेल्यांच्या पश्चिम सिडनीला तेव्हा जास्त कडक नियम होते, आणि लोक ते पाळतायत ना हे बघायला पोलिसांचं हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालायचं. थोड्या वेळाने ते माझ्याही घरावर आलं.

समुद्राकाठच्या श्रीमंत उपनगरात राहणाऱ्या एका मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "कुठलं हेलिकॉप्टर?"

वॉल्टरने पुढची स्लाइड लावलीच नाही. "आजचं लेक्चर झालं," म्हणाला.

*

मग रिव्ह्यूची मीटिंग. समितीच्या बाईंनी विचारलं, "या विषयातून विद्यार्थ्यांना नेमकं काय मिळतं? एका वाक्यात सांगा."

"त्यांना प्रश्न पडायला लागतात," वॉल्टर म्हणाला.

"ते मोजता येतं?"

"येतं की! तुम्हाला या पाच मिनिटांत दोन पडले."

कोणी हसलं नाही. मला बोलायचं होतं. वाक्य मनात तयारही होतं. पण माझी नोकरी पक्की होती, ती तशीच राहावी असं वाटत होतं, आणि मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

विषय बंद झाला. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. वॉल्टरला निरोपाचं कार्ड आलं ते ईमेलनेच, त्यावर फुगे उडत होते!

*

पण वॉल्टरची लेक्चर्स रेकॉर्ड झालेली होती. युनीने ठरवलं, त्यांचं शिक्षकाशिवाय चालणारं ऑनलाइन मॉड्यूल करायचं. तपासायचं काम माझ्याकडे आलं.

प्रायव्हसीच्या नियमामुळे विद्यार्थ्यांचे आवाज काढून टाकले होते. आणि वॉल्टरची एक पद्धत होती: प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचं. मिनिट जावो, दोन मिनिटं जावोत, तो स्वतः उत्तर द्यायचा नाही. टेक्निकल टीमच्या सॉफ्टवेअरला ते रिकामं वाटलं. त्यांनी सगळं थांबणं कापून टाकलं.

मी शेवटचं लेक्चर लावलं. वॉल्टर स्क्रीनवर विचारत होता, "मग सरकारी शाळा असते तरी कशासाठी?" आणि लगेच, श्वासही न घेता, "थँक यू. तीस वर्षांत हे इतकं नीट मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. मधलं विद्यार्थ्याचं उत्तर कापलं गेलं होतं, आणि मला ते आठवेना. वर्षाला विचारलं, तर त्या दिवशी तिचं दुसरं ट्युटोरियल होतं. शेवटी वॉल्टरलाच फोन लावला. हालहवाल झाली, टोमॅटोची रोपं लावलीत म्हणाला. मग मी विचारलं, "त्या दिवशी उत्तर काय आलं होतं रे?"

"मेधा, तू होतीस ना वर्गात?"

"होते."

आणि मग, नेहमीसारखा, तो थांबून राहिला.