आपटे मार्का बास आणि गंगारामबुवांचा सवाल

रेडिओ रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. जळके पार्ट आणि किस्से! दुरुस्त झालेला रेडिओ माणूस आठवणीने घेऊन जातो, किस्सा मात्र काउंटरवर विसरून जातो. ऐंशी सालानंतरची सात-आठ वर्षं माझं दुकान रत्नागिरीत रामआळीत होतं. दहा बाय आठच्या त्या जागेत जेवढं मन लावून गाणं ऐकलं गेलं, तेवढं मोठमोठ्या हॉलांत ऐकलं गेलं नसेल. बढाई वाटली तर वाटू दे!

शनिवारी दुपारी चार वाजता मी शटर अर्धं खाली ओढायचो. येणाऱ्याने आपलं आवडतं एक गाणं आणायचं. कॅसेट असेल तर कॅसेट, नसेल तर स्वतःचा गळा. गाणं संपेपर्यंत जो बोलेल त्याने सगळ्यांसाठी चहा आणायचा. मध्येच "वा" म्हटलं तरी चहा!

नियम माझाच. आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा चहा मीच आणला.

* * *

आपटेकाका आमचे कायमचे मेंबर. गणिताचे निवृत्त मास्तर, घरामागे हापूसची पंधरा-वीस कलमं. नाट्यगीत सोडून बाकी सगळं त्यांच्या मते "कोकलणं".

दुसरा इक्बाल. राजिवड्याचा. बोटीवर नोकरी, सुट्टीवर आला की चार-सहा महिने मुक्काम. कुठल्याशा बंदरात गिटार शिकून आला होता, आणि सोबत कॅसेटींची पिशवी. एका शनिवारी म्हणाला, "आज रॉकअबिली ऐका. अमेरिकेतल्या गावाकडच्या पोरांचं गाणं आहे. शेतावर राबणारी, ट्रक हाकणारी पोरं."

गाणं सुरू झालं. काकांनी चेहरा असा केला की जणू पेपर तपासताहेत आणि सगळी पोरं नापास आहेत. पण माझी नजर खाली गेली. काकांच्या चपलेतला अंगठा ठेक्यात वरखाली होत होता!

गाणं संपल्यावर मी म्हटलं, "काका, पाय हलत होता."

"मुंग्या आल्यात मेल्या पायाला."

पुढच्या शनिवारी काका सगळ्यांच्या आधी हजर. आपली कॅसेट बाजूला ठेवली आणि इक्बालला हळूच म्हणाले, "ते मुंग्यांचं गाणं लाव बघू."

* * *

मग काय, आळीच्या गणपतीत दुपारी इक्बालचा प्रोग्राम ठेवलाच आम्ही. पण या गाण्याला उभा बास लागतो. माणसाएवढं वाद्य, तारा ओढत, थपडा मारत वाजवायचं. रत्नागिरीत कुठून आणणार?

इक्बालने आंब्याची लाकडी पेटी उपडी घातली, तिला बांबू ठोकला, बांबूच्या टोकापासून पेटीपर्यंत मच्छिमारांची नायलॉनची दोरी ताणली आणि एक टिचकी मारली. अहो, काय आवाज! थेट पोटात! वाजवायला मला उभं केलं.

दुसऱ्या गाण्याला लाइट गेली. माइक बंद, स्पीकर बंद. इक्बाल मात्र थांबला नाही. स्टेजच्या कडेला येऊन खड्या आवाजात गात राहिला, मी पेटी बडवत राहिलो आणि अख्ख्या मांडवाने टाळ्यांचा ठेका धरला. इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं कुणाला, पण एक माणूस उठून गेला नाही. तो दिवस आठवला की अजून माझी छाती फुगते.

प्रोग्रामनंतर मुंबईहून गणपतीला आलेला एक चाकरमानी पुढे आला. पेटीची प्रेक्षकांकडची बाजू त्याने नीट वाचली होती. तिच्यावर काळ्या शाईत ठसठशीत छाप होता, 'आपटे'.

"हा आपटे कंपनीचा बास मुंबईत कुठे मिळतो हो?"

पहिल्या रांगेतून काका उठले. "सीझनला इकडेच या. आंब्यासकट देईन!"

* * *

आता गंगारामबुवा. आरे-वारेच्या अलीकडच्या गावातले शेतकरी, वय सत्तरीला टेकलेलं, आणि जाखडी नाचातले शक्तीवाले, म्हणजे शक्तीला शिवाहून थोर मानणारे शाहीर. मधे शाहीर आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून गोल नाचणारी माणसं. समोर शिवाची बाजू घेणाऱ्या तुरेवाल्यांची पार्टी. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. बुवांच्या सवालाला जवाब देताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

रेडिओ दुरुस्तीला आले तेव्हा मी म्हटलं, "बुवा, तुमची गाणी टेप करू या."

"नाय."

"का हो?"

"क्यासेट आज तुज्याकडं, उद्या त्या सोनूकडं! सवाल आधी समाजला, तर जवाब कुनी पन द्येल."

सोनू शाहीर म्हणजे त्यांचा तुरेवाला प्रतिस्पर्धी. तीस वर्षं दोघांचे सामने चालले होते.

"निदान वहीत तरी लिहून ठेवा."

"वही चोरीला जाते. डोस्कं नाय जात."

मुलगा मुंबईला कारखान्यात, त्याला गाण्यात रस नाही. शिष्य नाही, वही नाही, टेप नाही. म्हणजे बुवांबरोबर सगळी गाणी जाणार! माझ्या जिवाला खरोखर घोर लागला.

* * *

म्हणून मी चोरी केली. गौरीच्या दुसऱ्या दिवशी बुवांच्या अंगणात नाच होता. टेपरेकॉर्डर पिशवीत घातला, वर पडवळं ठेवली आणि बटण दाबून पुढे जाऊन बसलो. अर्धा तास झकास गेला. बुवांनी तान संपवून दम घेतला, क्षणभर शांतता झाली आणि नेमकी तेव्हाच कॅसेटची बाजू संपली. खट्ट!

बुवा उठले. पडवळं बाजूला केली, कॅसेट काढली, खिशात घातली आणि पुढचं कडवं सुरू केलं.

आठ दिवसांनी माफी मागायला गेलो, तर कॅसेटमधली पट्टी सगळी बाहेर काढून त्यांनी भाताच्या शेतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली! वाऱ्यावर ती चमकत होती, घूं घूं वाजत होती, आणि एक पाखरू लोंबीवर बसत नव्हतं.

"बग," बुवा म्हणाले, "माजं गानं माज्याच शेतात वाजतंय."

तिथेच बांधावर मी शब्द दिला. तुम्ही सांगितल्याशिवाय बटणाला हात लावणार नाही.

* * *

मनात काही न ठेवता बुवा एका शनिवारी दुकानात आले. नेमका इक्बाल गिटार घेऊन बसला होता. नियम समजावला, बुवा काठीवर हनुवटी टेकून गप्प बसले. इक्बालने त्यांच्याकडे बघत रॉकअबिली वाजवलं. त्याआधी गिटारच्या तारा तीनदा जुळवल्या. बोटीवर वादळात न घाबरणारा माणूस, पण समोर शाहीर होता ना!

गाणं संपलं. बुवांनी विचारलं, "ही मानसं नाचतात काय याच्यावर?"

"नाचतात ना बुवा."

"मंग बरोबर. नाचनाराचा पाय वळकून वाजवलान. आपल्यातलाच हाय."

इक्बाल त्या दिवशी सगळ्यांना चहा स्वतःहून घेऊन आला. बोटीवर मिळालेल्या कुठल्याच सर्टिफिकेटचं त्याने एवढं कौतुक केलं नसेल. पुढे वर्षभर ओळख करून देताना सांगायचा, "शाहिरांनी पास केलाय आपल्याला!"

* * *

आणि हा शेवटचा किस्सा. गणपतीतलेच दिवस, दुपारी तीनला मांडवात सामना. शक्तीवाले गंगारामबुवा, तुरेवाले सोनू शाहीर. काका, इक्बाल आणि मी पुढेच बसलो होतो. टेपरेकॉर्डर सवयीने पिशवीत होता, पण बंद.

बुवा तीन दिवस सलग गात होते. सुरुवातीचा गण, देवाचं नमन, कसाबसा झाला. मग त्यांनी आपला सगळ्यात अवघड सवाल उचलला. दहा वर्षांपूर्वी एकदाच गायलेला, सात कडव्यांचा. त्या वेळी सोनू शाहिराला जवाब देता आला नव्हता. पहिलं कडवं झालं, आणि दुसऱ्याच्या पहिल्या ओळीला बुवांचा आवाज गेला. पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा!

सामन्याचा नियम साधा. सवाल पुरा गाता आला नाही तर हार. मागे बसलेल्या बुवांच्या माणसांतल्या एकालाही तो सवाल येत नव्हता. नाचणारे थांबले, चाळ थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

समोरून सोनू शाहीर उठला. डोक्यावरची टोपी सारखी केली, मांडव ओलांडून शक्तीवाल्यांच्या बाजूला आला आणि बुवांच्या शेजारी बसला. ढोलकीवाल्याला मान डोलावली आणि दुसरं कडवं गायला लागला. बुवांचंच. त्यांच्याच चालीत, त्यांच्याच जागा घेत!

नाच पुन्हा सुरू झाला. बुवा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. तिसरं कडवं सुरू होताना त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि बोटाने जवळ बोलावलं.

"हाय पिशवीत?" आवाज कसला, नुसता घोगरा वारा.

"आहे बुवा. पण बंद आहे, शपथ!"

"लाव."

मी बटण दाबलं. सोनू शाहीर सातव्या कडव्यापर्यंत गायला, आणि मग टेपमध्ये न आलेली पहिली दोन बुवांच्या खुणेवरून परत गायला. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. शनिवारचा नियम जणू अख्ख्या मांडवाला लागू झाला होता.

पंच म्हणाले, "सवाल पुरा झाला. तुरेवाल्यांनी जवाब द्यावा."

सोनू शाहीर उठून आपल्या बाजूला गेला आणि हात जोडून म्हणाला, "धा वर्सं ह्यो सवाल डोस्क्यात घिऊन जवाब शोदतोय. अजून गावला नाय. गावला की येतो."

बुवांनी माझ्या हातातला टेपरेकॉर्डर तोंडाजवळ ओढला. कॅसेटवर टाळ्यांच्या आधी तो घोगरा आवाज अजून स्वच्छ ऐकू येतो.

"बेगीन ये रं, सोनू."